मन थाऱ्यावर नसेल तर कॉलेजात कुठे जायचं, काय बोलायचं

आमच्या कॉलेजातली समुपदेशनाची खोली परीक्षा विभागाला लागून आहे. जागा मिळाली तशी घेतली, फार विचार कुणी केला नव्हता. हॉल तिकिटाच्या रांगेतली पन्नास मुलं त्या दाराकडे तोंड करून उभी असतात. त्यामुळे आत यायचं असलेला प्रत्येक जण आधी दोन-तीन फेऱ्या मारतो, कूलरपाशी थांबतो, उगाच मोबाइल कानाला लावतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक एसवायचा मुलगा शेवटी माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, बोनाफाईड कुठे मिळतं?" खिडकी समोरच होती, वर ठळक पाटी होती. मी म्हटलं, "बस, पाणी पी." पाच मिनिटांनी तो म्हणाला, "मॅडम, तीन आठवडे झाले, झोपच नाही." (त्याला विचारूनच हे लिहिते आहे.)

मी समुपदेशक नाही. मी अकाउंट्स शिकवते आणि गेली नऊ वर्षं या कक्षाची समन्वयक आहे. म्हणजे वेळा लावणं आणि आलेल्या मुलाला योग्य माणसापर्यंत पोचवणं, एवढंच काम. या नऊ वर्षांत दिसलं ते असं, की मदत नको असणारी मुलं थोडी. बाकीची अडतात ती साध्या प्रश्नांपाशी. पहिलं वाक्य काय बोलू? घरी कळेल का? पैसे किती? कुठे नोंद होते का? हे प्रश्न विचारायलाही कुणी नसतं. म्हणून हा लेख त्याच प्रश्नांच्या मागे जातो.

त्याआधी एक. मरावंसं वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, किंवा तुमच्या मैत्रिणीचं असं चाललं असेल, तर पुढचं वाचत बसू नका. १४४१६ लावा. प्रसंग जिवावर आलेला असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. लेख नंतर वाचता येईल.

दोन आठवड्यांचा हिशेब

पहिल्या पायरीला वहीचं मागचं पान पुरतं. परीक्षेआधी पोटात गोळा येणं, ब्रेकअपनंतर चार दिवस घास न उतरणं, एटीकेटी लागल्यावर रडू येणं, याला कुणी आजार म्हणत नाही. डॉक्टर बघतात ते दोनच गोष्टींकडे: हे किती दिवस चाललंय, आणि त्यापायी रोजचं काय काय बंद पडलं. म्हणून गेल्या चौदा तारखा एकाखाली एक लिहा आणि पुढे चार रकाने आखा. झोप किती वाजता लागली, किती वेळा जेवलो, आंघोळ केली का, कॉलेजला गेलो का. मूडचा रकाना ठेवू नका. तो नीट आठवत नाही आणि लिहिताना आपण स्वतःशीच घासाघीस करतो. त्या मुलाच्या पानावर चौदापैकी अकरा दिवस झोपेची वेळ पहाटे चारच्या पुढे होती आणि मेसचा डबा नऊ वेळा न उघडता परत गेला होता. "थोडं टेन्शन आहे" म्हणत आलेला मुलगा ते पान बघून स्वतःच गप्प झाला.

दवाखान्यात पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात, ती मराठीतही मिळते. तिचे प्रश्नही गेल्या दोन आठवड्यांबद्दलच असतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. बेरीज १० किंवा त्यापुढे गेली तर दाखवून घ्यावं, असा साधारण संकेत आहे. ही चाळणी आहे, निदान समोर बसलेला माणूस करतो. फक्त नववा प्रश्न वेगळा. तो मरणाच्या किंवा इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

आणि हो, रक्तही तपासून घ्या. थायरॉइड मंदावलं, हिमोग्लोबिन उतरलं, बी-१२ कमी पडलं तरी अशीच मरगळ येते. वर्षभर चहा आणि वडापाववर दिवस काढणाऱ्या हॉस्टेलच्या मुलांना हे मी हमखास सांगते.

कोणाकडे जायचं

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ, या तिघांत मुलंच काय, आमचे प्राध्यापकही गल्लत करतात. समुपदेशक बोलण्यातून मदत करतात. त्यांचं शिक्षण बहुधा मानसशास्त्रात एमए किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू असं असतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि थेरपी करतात आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार यांचाच.

शिक्षण आणि नोंदणी विचारायला लाजू नका. खरा माणूस रागावत नाही, उलट लगेच सांगतो. इन्स्टाग्रामवरचे 'माइंड कोच' आणि 'हीलर' या प्रश्नाला लांबलचक उत्तर देतात, तेवढ्यावरून ओळखा.

बहुतेकांनी समुपदेशकापासून सुरुवात करावी, गरज असेल तर तेच पुढे पाठवतात. मात्र इतरांना ऐकू न येणारे आवाज येत असतील, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटत असेल, किंवा दिवसच्या दिवस न झोपताही अंगात नुसता उत्साह उसळत असेल, तर मधली पायरी गाळून थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

कॉलेजात शोधायचं कसं

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. हेल्पलाइनचे नंबर वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावायचे. कोचिंग क्लासेसनाही हे लागू आहे. पुण्याच्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण ती मुलं ना कॉलेजची असतात ना घरची.

कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं अंतर मला ठाऊक आहे. कुठे समुपदेशक आठवड्यातून एकदा येतात, कुठे नुसती पाटी असते. म्हणून चौकशी नेमकी करा. तुमचे मेंटॉर शिक्षक किंवा विद्यार्थी विकास अधिकारी यांना एवढंच विचारा: "समुपदेशक कोणत्या वारी, किती वाजता बसतात? नाव आधी द्यावं लागतं का?" कशासाठी हवंय हे सांगायची गरज नाही. आणि तुम्हाला शिकवणाऱ्या, तुमचे इंटर्नलचे मार्क देणाऱ्या मॅडमच समुपदेशक असतील, तर दुसरं कुणी मिळेल का, हेही विचारा. मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्यासमोर मन मोकळं होत नाही. यात त्यांचा अपमान नाही.

कॉलेजात काहीच नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची ओपीडी असते. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. "ठाण्याला पाठवा याला", "येरवड्याला नंबर लाव" ही आपल्याकडची जुनी थट्टा, पण तिथल्या ओपीडीत रोज माणसं केस पेपर काढतात, डॉक्टरांना भेटतात आणि बसने घरी जातात. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३पासून केस पेपरसकट उपचार मोफत आहेत. खासगीत फी शहरागणिक आणि माणसागणिक बदलते. अपॉइंटमेंट घेतानाच फी आणि विद्यार्थ्यांना सवलत, दोन्ही विचारून टाका. ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९०पासून याच कामात आहे. व्यसनाचा भाग असेल तर पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून.

१४४१६ लावताना

ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही. फोन लागल्यावर भाषा निवडायला सांगतात, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या सरकारी केंद्राकडे जोडून देतात.

खरी अडचण असते फोन कुठून करायचा याची. चौघांच्या खोलीत हे बोलता येत नाही. आमच्या मुली हॉस्टेलच्या गच्चीवरून करतात. एकीने एसटी स्टँडवरच्या गोंगाटात बसून केला होता. म्हणाली, "तिथे कोण कोणाचं ऐकतंय!" सुरुवात अडली तर हे वाचून दाखवा: "मी कॉलेजमध्ये शिकते. मला झोप लागत नाही, कशात लक्ष लागत नाही. कुठून सुरू करू कळत नाहीये." पुढचं तेच विचारतील.

पहिली भेट

चार ओळींची चिठ्ठी घेऊन जा. काय होतंय, कधीपासून, त्यामुळे काय बंद पडलं, आणि आत्ता सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते. चौथी ओळ लिहायला वेळ लागतो, लागू दे. बोलता आलं नाही तर चिठ्ठी पुढे सरकवा. आमच्या समुपदेशक ताई सांगतात, की चिठ्ठी सरकवणारी मुलं निम्मी तरी असतील.

भेट साधारण पाऊण तासाची. नाव, घरी कोण कोण, झोप, जेवण, अभ्यास, मित्र, दारू-सिगारेट-गांजा, पूर्वीचा काही आजार, घरात कुणाला असा त्रास, असं सगळं विचारतात. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारतील. दचकू नका, प्रत्येकालाच विचारतात. व्यसनाचं खरं सांगा. ते लपवलं तर पुढचा सगळा सल्ला चुकीच्या आकड्यांवर उभा राहतो. बॅलन्सशीट जुळवण्यासाठी खोटी एन्ट्री टाकणारी मुलं मी रोज बघते, म्हणून हे बजावते.

आता निराशेची गोष्ट. पहिल्या भेटीतून बाहेर पडणारी बरीच मुलं म्हणतात, "मॅडम, त्यांनी काही सांगितलंच नाही, नुसतं ऐकलं." बरोबर आहे. पहिल्या भेटीत उपाय हातात पडत नाही, रडूनच वेळ संपला तरी भेट वाया गेली असं नाही. उपाय हळूहळू येतो, आणि बऱ्याचदा गृहपाठाच्या रूपात. त्या मुलाला पहिला गृहपाठ मिळाला तो असा: रात्री झोप येवो न येवो, सकाळी सातला उठायचं आणि मेसपर्यंत चालत जायचं. "एवढ्यासाठी आलो होतो का?" असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात झोप दोन वाजेपर्यंत अलीकडे सरकली. मग त्याच्या डोक्यातल्या वाक्यांवर काम सुरू झालं. 'एका विषयात नापास झालो म्हणजे बापाचे पैसे बुडवले' हे त्याचं वाक्य. ते वहीत उतरवून त्यातलं खरं किती, वाढवलेलं किती, असं दोघांनी मिळून तपासलं.

तीन भेटी तरी द्या. तिसऱ्या भेटीनंतरही सूर जुळला नाही तर "मला दुसऱ्या कुणाकडे जायचंय" म्हणा. पण समुपदेशक तुमच्या जातीवर, कपड्यांवर, तुम्हाला कोण आवडतं यावर शेरे मारत असतील, तर तीन भेटींचीही वाट बघू नका.

घरी कळेल का

पहिल्या पाच मिनिटांत हाच प्रश्न विचारा: "मी इथे बोलेन ते घरी किंवा एचओडींना कळेल का?" मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ने गुप्ततेचा हक्क दिला आहे. तुमचं वय १८ पूर्ण असेल तर तुम्हाला न विचारता कुणाला सांगायचं नसतं. अपवाद आहेत, आणि चांगला समुपदेशक ते आधीच सांगतो. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर तो गप्प बसणार नाही. अकरावी-बारावीच्या, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांच्या उपचारात पालकांना घ्यावं लागतं. गुणपत्रिकेवर किंवा टीसीवर यातलं काहीही येत नाही. हे मला दर वर्षी विचारतात, म्हणून लिहिलं.

घरी सांगायचं तर

सांगितलंच पाहिजे असं नाही, पण गोळ्या सुरू झाल्या किंवा पैसे लागणार असतील तर एका तरी माणसाला माहीत असलेलं बरं. आधी एकच माणूस निवडा. तो आई-बाबाच असला पाहिजे असं कुठे आहे? मावशी, मोठी बहीण, शिकलेला चुलतभाऊ चालतो. फोनवर घाईत सांगू नका. गणपतीला घर भरलेलं असताना तर नकोच.

'डिप्रेशन' या शब्दापासून सुरुवात केली की घरात दोनच गोष्टी होतात: रडारड नाहीतर "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." शरीरापासून सुरू करा.

"आई, महिनाभर मला रात्री झोप नाही. जेवण जात नाही. वजन चार किलो उतरलंय."
"मोबाइल बघत बसतोस रात्रभर, दुसरं काय."
"मोबाइल बाहेर ठेवून पाहिला, तरी लागत नाही. डॉक्टरांना दाखवलंय, पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय. तू येशील का माझ्याबरोबर?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. आईला काहीतरी करायला मिळालं की ती भांडण सोडते. डॉक्टरांसमोर बसलेल्या आयांचे प्रश्न मुलांपेक्षा चांगले असतात, हेही पाहिलंय. आजी अंगारा लावते म्हणाली तर लावू द्या, भांडू नका. फक्त गुरुवारची अपॉइंटमेंट चुकवू नका.

गोळ्या लिहून दिल्या तर

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मळमळ, डोकेदुखी असे दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात दिसतात. म्हणून मुलं पाचव्या दिवशी गोळी सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर फोन त्याच दिवशी. बरं वाटायला लागल्यावरही आपल्या मनाने बंद करू नका, त्या हळूहळू कमी करायच्या असतात. या गोळ्यांची नशा किंवा चटक लागत नाही. सवय लागू शकते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, म्हणून रूम पार्टनरच्या पाकिटातली अर्धी गोळी घेणं हा उद्योग नको. दारूही नको.

हजेरी आणि परीक्षा

इथे मुलं सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात, कारण सांगतात ते टर्म ग्रँट, म्हणजे परीक्षेला बसायची मंजुरी, अडकल्यावर. हजेरी घसरायला लागली त्याच महिन्यात वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून विभागप्रमुखांना अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात आजाराचं नाव लिहिण्याची गरज नाही, 'वैद्यकीय कारणास्तव, उपचार सुरू' एवढं पुरतं. दीर्घकाळच्या मानसिक आजाराचा दिव्यांगत्व हक्क कायदा २०१६ मध्ये समावेश आहे. तसं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मागता येतात.

तुम्ही मित्र असाल तर

पहिला माणूस बहुतेक वेळा रूम पार्टनरच असतो. "चल, चहा घेऊ" म्हणून बाहेर काढा आणि जे दिसलंय तेवढंच बोला: "आठवडाभर तू जेवला नाहीस, कॉलेजला आला नाहीस. काय चाललंय?" मग गप्प बसा. "मनावर घेऊ नकोस", "आपल्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतात" ही दोन वाक्यं त्याने आधीच शंभर वेळा ऐकलेली असतात.

शंका आली तर स्पष्ट विचारा: "जीव द्यायचे विचार येतायत का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं याने हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. इजा करता येईल अशा वस्तू खोलीतून हलवा. १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्या आणि रेक्टरना किंवा एका शिक्षकाला कळवा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. दिलं असेल तर मोडा. तो चिडेल, चिडू दे.

प्रयत्न झालेलाच असेल तर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७च्या कायद्याच्या कलम ११५नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुन्या दंड संहितेतल्या कलम ३०९सारखा, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाचा, सरसकट गुन्हाच उरलेला नाही. दवाखान्यात नोंद होईल, जबाब घेतील, तेवढंच.

आणि मित्राची रात्रपाळी एकट्याने करू नका. दोघं-तिघं वाटून घ्या. तीन रात्री जागलेल्या मुलीला मी एकदा मित्राच्याच भेटीनंतरची वेळ दिली होती. तिलाही गरज होती.

भेटी संपताना

सहा-आठ भेटींनंतर बरंच सुधारतं आणि मुलं यायची थांबतात, न सांगता. मग सबमिशनच्या दिवसांत किंवा निकालाच्या आठवड्यात झोप पुन्हा चारवर जाते आणि परत यायला लाज वाटते. त्यापेक्षा शेवटची भेट शेवटची म्हणून घ्या. झोप, डबा, आंघोळ यांतलं आधी काय बिघडतं, ते तुमच्या चौदा दिवसांच्या पानावरून ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. परत लागलं तर थेट यायचं की पुन्हा नाव द्यायचं, हेही विचारून ठेवा. आमच्याकडे थेट येता येतं. फक्त बुधवारी नको, बुधवारी त्या खोलीत एनएसएसची मीटिंग असते.